क्रेनच्या चुंबकावरून माल सुटतो, त्याला हेल्मेट पुरे आहे का?

प्रश्न (यार्ड सुपरवायझर, अंबड)
नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका भंगार यार्डात मी सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात क्रेनचे चुंबक ट्रकमधील माल उचलत असताना कडेला लोंबणारा ब्रेक ड्रमचा बिडाचा तुकडा सुटला आणि खाली निवडणी करणाऱ्या कामगाराच्या खांद्याचे हाड मोडले. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते. तरीही हेल्मेट सक्तीचे केले की काम झाले, असे मालक म्हणतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर (क्रेन ऑपरेटर, सातपूर)
हेल्मेट हवेच, परंतु ते वरून पडणाऱ्या नटबोल्टसारख्या लहान वस्तूंपुरते. सहा मीटरवरून सुटलेला तुकडा, मग तो पाच किलोचा असो वा पन्नास किलोचा, जमिनीवर येताना ताशी सुमारे ३९ किलोमीटरचा वेग घेतो, हे मालकांना सांगा. चुंबक धरते ते लोखंड. त्यात गुंतून आलेले अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे नुसते अडकलेले असते. वीज गेली आणि बॅटरीची सोय नसली, तर सगळाच माल खाली येतो. मी प्रत्येक उचल जमिनीपासून हातभर वर घेऊन क्षणभर थांबतो. सुटायचे ते बहुधा तिथेच सुटते. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जिथवर फिरते तिथवर चुन्याची रेघ मारा आणि चुंबक चालू असेपर्यंत रेघेच्या आत कोणालाही येऊ देऊ नका, ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या चालकालासुद्धा नाही.

उत्तर (एका जखमी कामगाराचा भाऊ)
कृपया अपघाताची नोंद आजच करा. माझ्या भावाच्या पायावर गठ्ठा पडला, तेव्हा यार्डातल्या माणसाने दवाखान्यात ‘जिन्यावरून पडला’ असे लिहून दिले आणि पुढे तो कामावरचा अपघात होता हे सिद्ध करता करता आमच्या नाकी नऊ आले. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल, तर कामावरील दुखापतीमुळे बुडालेल्या दिवसांसाठी सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. पण त्यासाठी अपघात कागदावर असावा लागतो.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. जखमी कामगार ठेकेदाराकडचा आहे, म्हणून नोंदवहीत अजून काहीच लिहिलेले नाही. ते मी आज स्वतः लिहितो. निवडणीची जागा ट्रकच्या अगदी मागे आहे, ती उद्या सकाळी पहिली गाडी वजनकाट्यावर चढण्याआधी काट्याच्या खोलीपलीकडे हलवतो.