नोकरी चालू ठेवून तीन वर्षांचं एलएलबी: घ्यावं की सोडून द्यावं?

कागदी_घोडा

बी.कॉम., 51 टक्के, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. बारावी नियमित कॉलेजातून. वय 33. खासगी कंपनीत करारनामे आणि कम्प्लायन्सचं काम, 10 ते 6. एमएच सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएलबीला जावं असं डोक्यात आहे.

मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का? नोकरी न सोडता हजेरी जमते का? पुढे कोर्टात उभं राहायचं की कंपनीतच पदवी वापरायची हे ठरलेलं नाही, ते आधी ठरवायला हवं का? एकाने ‘पोस्टाने होतं, कशाला ताण घेता’ असंही सांगितलंय.

रोजनामा

पोस्टाने होतं म्हणणाऱ्याचे बाकीचे सल्लेही घेऊ नका. दूरस्थ एलएलबीवर सनद (वकिलीचा परवाना) मिळत नाही.

पदवीला 45 टक्के लागतात (ओबीसी 42, एससी-एसटी 40). मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण दहावी, बारावी, मग पदवी असा क्रम हवा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांचं घोडं इथे अडतं. तुमचं अडत नाही. सीईटीला वयाची अट नाही, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पेपर मराठीतही असतो. आत शिरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

खरा प्रश्न हजेरीचा. बार कौन्सिल ऑफ इंडिया (वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणारी संस्था) हिच्या 2008 च्या नियमांप्रमाणे सेमिस्टर किमान 15 आठवड्यांचं आणि आठवड्याला किमान 24 तास लेक्चर. प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी. म्हणजे आठवड्याला साधारण 17 लेक्चरं, सहा दिवसांत रोज जवळजवळ तीन. ही सरासरी सगळ्या विषयांची मिळून धरत नाहीत. शनिवारी जे विषय असतात त्यांत 95 टक्के आणि बुधवारच्या विषयात 40, असं झालं तर फॉर्म अडकू शकतो. अपवाद म्हणून 65 पर्यंत सूट मिळू शकते, तीही कारण पटलं तर.

वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतच घेता येतात. त्यामुळे सातनंतरचं रात्रकॉलेज हा पर्याय डोक्यातून काढा. सकाळची तुकडी मिळाली आणि कंपनीने 11 ची वेळ दिली तरच हे गणित बसतं.

आणखी एक. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकात बार कौन्सिलने बायोमेट्रिक हजेरी सांगितली आहे आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने ती जाहीर करून मालकाचं ना-हरकत पत्र द्यावं असंही म्हटलंय. ‘सही मारायला मित्र आहे’ या भरवशावर प्रवेश घेऊ नका. शिवाय तीन वर्षांत मिळून 12 आठवडे इंटर्नशिप लागते, सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे दर वर्षी चार आठवड्यांची रजा. ती आजपासून साठवायला लागा.

निशाणी_पाच

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, आधी ठरवा. वकिलांच्या आचारसंहितेतल्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिली करता येत नाही. सनद घेऊन ठेवू, नोकरीही करू, अधूनमधून तारखेला उभे राहू, असा मधला मार्ग नाही. नोकरी धरायची तर सनद निलंबित ठेवावी लागते.

कोर्टाकडे जायचं असेल तर पुढचा नेहमीचा क्रम असा: निकाल, राज्य बार कौन्सिलकडे नोंदणी, मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन (वकिली करायला लागणारी परीक्षा). नोंदणीचं वैधानिक शुल्क 750 रुपये. त्याहून जास्त घेऊ नये असं सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केलं. परीक्षेत 100 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 45 (एससी-एसटी 40), टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. ती बहुतेकांची निघते. अवघड असतात ती त्यानंतरची, सिनिअर वकिलाच्या हाताखालची ज्युनिअरशिपची वर्षं. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिलने ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावा असं सुचवलं, पण ते सुचवणंच आहे, सिनिअरवर सक्ती नाही. घरभाडं आणि हप्ते या आकड्यात बसत नसतील तर दोन वर्षांचा खर्च आधी बाजूला काढा.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर 20 मे 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. 33 अधिक तीन अधिक तीन, आणि एमपीएससीच्या जाहिरातीतली वयोमर्यादा. बेरीज आत्ताच करून बघा.

प्रवेशाआधी एक दिवस रजा टाकून दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर बसा. बोर्डावर प्रकरणांची रांग, पुकारा होतो, वकील उभा राहतो, ‘से (लेखी म्हणणं) दाखल करायला मुदत द्यावी’, अर्ज मंजूर, पुढची तारीख. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात निशाणी 5 च्या (दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाच्या) मनाईहुकमावर खरा युक्तिवाद ऐकायला मिळेल: सातबारा, मोजणीचा नकाशा, ताबा कोणाचा. दुपारनंतर उलटतपास, प्रश्न-उत्तर-टंकलेखन, परत प्रश्न. हे बघून कंटाळा आला तर वाईट वाटून घेऊ नका. रोजचं काम असंच असतं. सिनेमात दाखवतात ते ‘माय लॉर्ड’ इथे क्वचितच.

कागदी_घोडा

कोर्टाचं आकर्षण आहे, पण दोन वर्षं कमी पैशात काढणं शक्य नाही. मग कंपनीपुरतं एलएलबी करण्यात अर्थ आहे का? की सीएस (कंपनी सेक्रेटरी) बरं?

तळटीप

हे तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे, पदवीवर कमी. लीगल विभागाच्या वरच्या पदांच्या दहा-बारा जाहिराती काढा आणि ‘अनिवार्य’ पुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे एलएलबी असेल तर घ्या. ‘प्राधान्य’ असेल तर तीन वर्षं सकाळी सहाला उठायला ते कारण पुरत नाही.

सीएसला रोज वर्गात बसायची सक्ती नाही, हा मोठा फायदा. पण दीर्घ प्रशिक्षण 21 महिन्यांचं असतं, ते विसरून लोक फॉर्म भरतात. आणि सीएस झालं तरी कोर्टाचा दरवाजा उघडत नाही.

एलएलबीत करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी प्रक्रिया संहिता यांचा पाया पक्का होतो. करार लिहायला मात्र शिकवत नाहीत म्हटलं तरी चालेल. मसुदालेखनाचा एक पेपर असतो आणि बरेच जण तो गाइडातले नमुने उतरवून काढतात. तुम्ही रोज हेच काम करता, त्यामुळे तिथे पुढे असाल. पेपरात मात्र अनुभव लिहू नका. मुद्दा कोणता, कलम कोणतं, ते या घटनेला कसं लागू होतं, निवाडा, निष्कर्ष, या क्रमाने लिहा. नुसतं कलम पाठ लिहिणाऱ्याचे गुण इथेच जातात.

पुस्तकं जुनी घेऊ नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू आहेत. रद्दीतल्या स्वस्त गाइडात अजून जुन्या दंड संहितेची 302 आणि 420 च भेटतात.

निशाणी_पाच

वरच्याला एक जोड. माध्यम मराठी घ्यायचं तर जरूर घ्या, जिल्हा न्यायालयांची भाषा मराठीच आहे. पण कंपनीचे करार आणि उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत. तुमच्या कामासाठी निवाडे मुळातून वाचण्याची सवय पहिल्या सेमिस्टरपासून लावा.

रोजनामा

मग तुमचा क्रम असा लावा. सीईटीचा फॉर्म भरा, त्याने काही बिघडत नाही. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजच्या कार्यालयात जाऊन चालू वर्षाचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. माहितीपुस्तिकेतली वेळ आणि भिंतीवर लावलेली वेळ यांत फरक असतो. सकाळची तुकडी नसलेली कॉलेजं यादीतून काढा, नाव कितीही मोठं असो. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का तेही तिथेच विचारा.

कंपनीकडून नुसतं ‘हरकत नाही’ असं पत्र नको. कामाची बदललेली वेळ, ती किती वर्षांसाठी, आणि परीक्षेची व इंटर्नशिपची रजा, हे तिन्ही लेखी घ्या. तोंडी होकार देणारा साहेब बदलून गेला की दुसऱ्या वर्षी सकाळच्या मीटिंगा सुरू होतात. असं पत्र मिळत नसेल तर यंदा थांबा. वयाची अट नाही, पुढच्या वर्षीही सीईटी आहेच.