जुन्या डेस्कटॉपला चांगले कूलिंग मिळाले, म्हणून त्याचा वेगही वाढवावा का?

सोळाबिट (धागाकर्ता)

माझ्याकडे १९९८ सालच्या बांधणीचा एक डेस्कटॉप अजून चालू स्थितीत आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए, ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, दोन पट्ट्यांत मिळून २५६ मेगाबाइट एसडीरॅम, आणि सुरू होताना पाच-दहा सेकंद खरखरून मग नाइलाजाने फिरू लागणारा मूळचा पंखा. हा पंखा आणि त्याखालचा अॅल्युमिनियमचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा) काढून तांब्याचा मोठा हीटसिंक आणि ८० मिलिमीटरचा पंखा बसवावा, आणि एवढे केल्यावर प्रोसेसर ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालवावा, असा माझा विचार आहे.

ज्यांचा या प्रोसेसरशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी सांगतो. पहिल्या सेलेरॉनमध्ये दुय्यम कॅश (प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, वेगवान स्मृती) अजिबात नव्हती आणि त्यामुळे त्याची बरीच थट्टा झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या ३००ए मध्ये इंटेलने १२८ किलोबाइट कॅश थेट प्रोसेसरच्याच चिपवर घेतली आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावत असे. पेंटियम २ ची कॅश ५१२ किलोबाइट होती खरी, पण ती शेजारच्या वेगळ्या चिपांमध्ये आणि निम्म्या वेगाची. प्रोसेसरचा वेग म्हणजे मदरबोर्डच्या बसचा (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या वाहिनीचा) वेग गुणिले एक ठरलेला गुणक, आणि ३००ए चा गुणक साडेचारवर कायमचा बांधलेला आहे. त्याला ठरलेली ६६ मेगाहर्ट्झची बस दिली की ३०० होतात आणि १०० ची दिली की ४५०, म्हणजे त्याच महिन्यात आलेल्या सर्वांत वेगवान पेंटियम २ चा आकडा. त्यासाठी प्रोसेसरच्या पाटीवरील बी२१ ही एकच पिन चिकटपट्टीच्या तुकड्याने झाकली तरी मदरबोर्ड आपोआप १०० ची बस देतो.

माझे मत असे की, जो प्रोसेसर ४५० वर चालवला जाण्यासाठीच ओळखला गेला, तो ३०० वर चालवणे म्हणजे त्याचा अर्धाच परिचय करून घेणे होय. कूलिंग सुधारल्यावर हरकत घेण्यासारखे काही उरते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

डाकधातू

हरकत आहे, आणि ती आपल्या शेवटच्या वाक्यालाच आहे. कूलिंग सुधारले की वेग वाढवण्यातला धोका संपतो, ही समजूत फार जुनी आणि फार महागात पडलेली आहे.

पेंटियम ४ च्या नॉर्थवुड पिढीचे उदाहरण घ्या. हे प्रोसेसर सुमारे दीड व्होल्टवर चालण्यासाठी बनवलेले होते. हौशी मंडळींनी त्यांना १.७ व्होल्टच्या वर नेले. हीटसिंक उत्तम होते, तापमानही आटोक्यात दिसत होते, आणि तरीही काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते प्रोसेसर कसलीही पूर्वसूचना न देता मरत गेले. हा प्रकार इतका सर्रास झाला की त्याला ‘नॉर्थवुडचा आकस्मिक मृत्यू’ अशा अर्थाचे नावच पडले. कारण प्रोसेसरची झीज एकट्या उष्णतेने होत नाही. वाढीव व्होल्टेजने ट्रान्झिस्टरच्या अतिपातळ निरोधक थरावर ताण येतो, आणि चिपमधल्या धातूच्या सूक्ष्म तारांतून जास्त प्रवाह गेला की इलेक्ट्रॉनांच्या धक्क्याने धातूचे अणू हळूहळू जागेवरून सरकत जातात. तापमान कमी ठेवल्याने हे मंदावते, पण थांबत नाही.

शिवाय आपला मदरबोर्ड पंचवीस वर्षांहून जुना आहे. त्यावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव आजवर किती उडून गेला असेल, हे बाहेरून दिसत नाही. असा प्रोसेसर किंवा असा मदरबोर्ड आता कुठेही बनत नाही. पंखा जरूर बदला, तो बदलण्याच्या लायकीचा झालाच आहे, पण बी२१ ला हात लावू नका.

तिसरा पंखा

डाकधातू यांनी दिलेले उदाहरण खरे आहे, पण ते या प्रश्नाचे उत्तर नाही. त्या गोष्टीतला खलनायक व्होल्टेज आहे, क्लॉक (प्रोसेसरचा मेगाहर्ट्झमधला वेग) नव्हे, आणि धागाकर्त्याने व्होल्टेज वाढवण्याचा शब्दही काढलेला नाही. नॉर्थवुड १३० नॅनोमीटरचा होता, ३००ए २५० नॅनोमीटरचा आहे. जाड तारांच्या चिपला बारीक तारांच्या चिपचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

हिशेब मांडून पाहू. चिपची उष्णता ढोबळमानाने वारंवारितेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३००ए ची मूळ उष्णता सुमारे १९ वॅट धरली आणि व्होल्टेज २.० वरच ठेवले, तर दीडपट क्लॉकला ती २८-२९ वॅट होते. तेच व्होल्टेज २.२ केले तर वर्गामुळे आणखी २१ टक्के चढतात आणि आकडा ३४ च्या पुढे जातो. पहिली वाढ एका बऱ्या हीटसिंकला सहज झेपणारी आहे, कारण पुढच्या काही वर्षांत डेस्कटॉप प्रोसेसरांनी शंभर वॅटही ओलांडले आणि तेही हवेवरच थंड राहिले. दुसरी वाढ मात्र मीही कोणाला सुचवणार नाही.

आता जी गोष्ट सहसा सांगितली जात नाही ती सांगतो. या विशिष्ट संगणकात ४५० हा आकडा ३०० आणि ४५० यांच्या मधल्या आकड्यांपेक्षा अधिक सुरक्षित आहे. ४४०बीएक्स मध्ये बस १०० वर असली की पीसीआयला (जोडकार्डांच्या वाहिनीला) तिचा एकतृतीयांश आणि एजीपीला (ग्राफिक्स कार्डाच्या वाहिनीला) दोनतृतीयांश वेग मिळतो, म्हणजे ३३ आणि ६६, जे त्यांचे ठरलेलेच वेग आहेत. मी मात्र एके काळी अतिसावधपणे ‘मधला मार्ग’ म्हणून बस ८३ वर ठेवली होती. प्रोसेसर ३७५ च्या आसपास आनंदाने चालत होता, हाताला हीटसिंक कोमटही लागत नव्हता. पण ८३ ला पीसीआयचा भाजक दोनच राहतो, त्यामुळे तिथे ३३ ऐवजी साडेएकेचाळीस मेगाहर्ट्झ जात होते, आणि हार्डडिस्कचा नियंत्रक त्याच पीसीआयवर बसलेला असतो. दोन आठवड्यांनी फाइलींची नावे चित्रविचित्र चिन्हांत दिसू लागली, तिसऱ्या आठवड्यात विंडोज उघडेना. एका निबंधाच्या शंभरेक पानांवर मला पाणी सोडावे लागले. त्या काळात मी रोज तापमान बघत होतो आणि बिघाड तापमानाशी संबंध नसलेल्या ठिकाणी होत होता.

टर्बो बटण

एक बाळबोध शंका. हा वेग नक्की कशासाठी हवा आहे? टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कित्येक जुने डॉस प्रोग्रॅम तर ३०० वरच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतात, कारण सुरुवातीला वेग मोजणाऱ्या फेऱ्यांची संख्या इतकी मोठी येते की भागाकाराचे उत्तर सोळा बिटांत मावत नाही. म्हणजे तुमचा संगणक अर्ध्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी आधीच अतिवेगवान आहे.

सोळाबिट

शंका रास्त आहे, पण मला डॉसचे खेळ चालवायचे नाहीत, त्यासाठी बायोसमध्ये कॅश बंद करून संगणक हवा तितका मंद करता येतो. मला १९९८-९९ मधले त्रिमितीय खेळ त्या काळच्या ग्राफिक्स कार्डावर पाहायचे आहेत, आणि तिथे ३०० व ४५० मधला फरक डोळ्यांना दिसतो.

नेमस्त

वादात क्लॉक आणि व्होल्टेज यांचीच चर्चा झाली. ज्या हीटसिंकच्या भरवशावर हे सगळे चालले आहे त्याकडे कोणी वळून पाहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

स्लॉट १ चा, म्हणजे धागाकर्त्याकडे आहे त्या प्रकारचा, प्रोसेसर मदरबोर्डवर आडवा बसत नाही, तो एखाद्या पाटीसारखा उभा असतो आणि हीटसिंक त्याच्या कुशीला लटकतो. म्हणजे हीटसिंकचे सगळे वजन त्या पाटीला एका बाजूला ओढत असते. तांब्याची घनता अॅल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक आहे. त्याच आकाराचा तांब्याचा ठोकळा तिथे लटकवल्यास स्लॉटचे जुने, ठिसूळ झालेले प्लास्टिक आणि पाटीला धरणारे दोन खांब यांची परीक्षाच होईल. त्या बदल्यात काय मिळते? तांबे सुमारे पावणेदोनपट चांगले उष्णतावाहक आहे, परंतु २८ वॅटला अडचण धातूच्या आत नसतेच. ती असते चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या वाळलेल्या उष्णतावाहक पेस्टमध्ये आणि पात्यांमधून न वाहणाऱ्या हवेत. जुना हीटसिंक ठेवा, पेस्ट पूर्ण खरवडून नवी लावा आणि पंखा मोठा, संथ बसवा. ज्यांना वॉटर कूलिंगचा मोह होतो त्यांच्यासाठी एवढेच की प्रोसेसरवरचा पंखा त्याच्या आसपासच्या व्होल्टेज रेग्युलेटरलाही (प्रोसेसरला हव्या त्या व्होल्टेजची वीज देणाऱ्या भागालाही) थोडीबहुत हवा देत असतो. पंखा काढून पाण्याच्या नळ्या आणल्या की प्रोसेसर गार आणि रेग्युलेटर तापलेला, अशी उलटी स्थिती होते.

डाकधातू यांच्या कपॅसिटरच्या मुद्द्याचा उत्तरार्ध मात्र कूलिंगच्या बाजूने जातो. तापमान दहा अंशांनी उतरले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. तेव्हा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पंखा बसवणे हे वेग वाढवणाऱ्यानेही करावे आणि न वाढवणाऱ्यानेही.

पॉवर सप्लाय बदलणार असाल तर सांभाळून. त्या काळातले बरेच मदरबोर्ड प्रोसेसरची वीज ५ व्होल्टच्या वाहिनीतून घेतात. आजच्या पॉवर सप्लायची सारी ताकद १२ व्होल्टवर असते, ५ व्होल्टवर बेताचीच. शिवाय उणे ५ व्होल्टची वाहिनी नंतरच्या मानकातून वगळली गेली, आणि आयएसए या जुन्या प्रकारच्या खाचेत बसणाऱ्या काही साउंडकार्डांना ती लागते.

डाकधातू

नेमस्त यांचे शब्द न् शब्द मान्य. तिसरा पंखा यांनी क्लॉक आणि व्होल्टेज वेगळे करून दाखवले तेही मान्य, पण एक गोष्ट त्यांच्या हिशेबात येत नाही. माणूस ४५० ला थांबत नाही. संगणक तीन तासांनी एकदा अडखळला की हात आधी व्होल्टेजकडे जातो, ‘फक्त ०.०५’ म्हणून. नॉर्थवुड वाल्यांनीही एका दमात १.७ गाठले नव्हते.

आणि ‘चालतो’ म्हणजे काय, हेही ठरवून घ्या. विंडोज उघडले म्हणजे प्रोसेसर बरोबर गणित करतो आहे असे होत नाही. प्राइम९५ सारखी चाचणी रात्रभर चालवल्याशिवाय काहीही जाहीर करू नये.

सोळाबिट

रविवारी संगणक उघडला. हीटसिंकखाली पेस्ट नव्हतीच, होता तो पेस्टऐवजी लावलेल्या गुलाबी उष्णतावाहक पट्टीचा भुगा, नखाने टवके निघत होते. पंख्याचे लेबल सोलून पाहिले तर आतले तेल मेणासारखे घट्ट झालेले. आणि डाकधातू, आपले शब्द खरे ठरले: स्लॉटच्या कडेच्या दोन कपॅसिटरांच्या माथ्यावरची फुलीची खाच वर उचलली गेली होती. ते दोन आणि त्यांच्या रांगेतले उरलेले चार, असे सहाही बदलले. तांब्याचा बेत सोडला. जुनाच हीटसिंक, नवी पेस्ट, आणि ८० मिलिमीटरचा पंखा हीटसिंकवर न लादता कॅबिनेटच्या चौकटीला पट्टीने टांगून त्याच्यासमोर धरला आहे.

मल्टिमीटरची तापमान मोजणारी तार हीटसिंकच्या बुडाशी लावली. आधी ३०० वर ताणाखाली ४८ अंश, दुरुस्तीनंतर ३४. मग बी२१ झाकली. ४५० वर, २.० व्होल्टलाच, ३९ अंश. म्हणजे दीडपट वेगातही तो पूर्वीपेक्षा गारच आहे. पण चाचणी अडीच तासांनी चूक दाखवून थांबली. दोनदा केली, दोन्ही वेळा थांबली. आता व्होल्टेज थोडे वाढवून पाहावे का?

तिसरा पंखा

२.०५ करून पाहा. तेवढ्याने काही होत नाही.

डाकधातू

मी म्हणालो नव्हतो? व्होल्टेजला हात लावण्याआधी रॅमच्या पट्ट्या काढून वाचा. बस ६६ ची १०० केली तेव्हा रॅमचाही वेग तितकाच वाढला. त्या दोन्ही पट्ट्या पीसी१०० च्या, म्हणजे १०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेल्या, आहेत का?

सोळाबिट

एकीवर पीसी१०० चे लेबल आहे. दुसरीवर पीसी६६ लिहिलेले आहे, आणि ती मीच कधीतरी दुसऱ्या संगणकातून काढून यात घातली होती. ती बाजूला ठेवली. १२८ मेगाबाइटवर चाचणी काल रात्री नऊला सुरू केली, आज सकाळी आठपर्यंत एकही चूक नाही. व्होल्टेज २.० च आहे.

डाकधातू

सहा महिन्यांनी पुन्हा रात्रभर चाचणी लावा आणि इथेच कळवा. माझे मत बदललेले नाही, पण बी२१ वरची चिकटपट्टी काढायलाही सांगत नाही.