पाळणाघरातल्या ताईंना गोवराची लस सक्तीची हवी का?

जळगावची आई
गेल्या श्रावणात कानबाईचे रोट आटोपून गावाहून परतलो आणि माझ्या सात महिन्यांच्या लेकीला ताप भरला. डोळे लाल, नाक गळतंय, मग कानामागून पुरळ. गोवर! पाळणाघरात तिला सांभाळणाऱ्या ताईंना दोन आठवड्यांपूर्वी हेच होऊन गेलं होतं. पंचविशीच्या असतील. लहानपणी लस घेतली होती का, हे त्यांनाच ठाऊक नाही आणि कामावर घेताना कुणी विचारलंही नाही.

नेहमीच्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे लेकीला लस द्यायचं वयच झालं नव्हतं. तिच्या आसपासच्या मोठ्या माणसांनी लस घेतलेली असणं, एवढाच तिचा आधार होता. पाच रात्री तिला खांद्यावर घेऊन बसले. आता बरी आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी लशीचा पुरावा, मग मूल हातात. कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर २०१६ पासून पाळणाघरात काम करणाऱ्यांना गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीची अट आहे. फ्लूची लस तेवढी लेखी नाकारता येते. आपल्याकडे का नको?

अंगणवाडी सेविका, शहादा तालुका
ताई, लेकरू बरं झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. पण सक्ती म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरून आया-लेकरं गोळा करतो ते आम्हीच. लशीला माझा विरोध कसा असेल? पण १९७५ पासून अंगणवाडीची योजना चालू आहे आणि आम्हाला अजून पगार नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीसाठी गुजरातच्या सेविकांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, निकाल २०२२ ला लागला.

नियमित कार्यक्रमातली गोवराची लस लहान मुलांसाठी आहे. मोठ्या बाईनं ती खासगी दवाखान्यात पदरच्या पैशानं घ्यायची का? आणि कार्ड कुठून आणू? माझा जन्म धडगावकडच्या पाड्यावरचा, आईबाप ऊसतोडीला. जन्मतारीखसुद्धा शाळेत मास्तरांनी लिहिलेली. पुरावा नाही म्हणून मानधन अडवलं, तर मी कुणाच्या दारात जाऊ?

चोपड्याचा शेतकरी
सक्ती नकोच. कुणालाही जबरदस्तीनं लस देता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं २ मे २०२२ ला सांगितलं आहे. ताप असेल त्यानं घरी बसावं, एवढा नियम पुरे. आमच्याकडे गोवर निघाला की दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचे, परकं माणूस आत पाऊल टाकत नसे. त्यात शहाणपण होतं.

निवृत्त नर्स, धुळे
भाऊ, ती रीत मीही पाहिली आहे. पण डहाळा पुरळ दिसल्यावर बांधतात आणि गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून पसरतो. तेव्हा तो साध्या सर्दी-तापासारखा दिसतो. रोगी उठून गेला तरी खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहतो. २०२२ च्या अखेरीस मालेगावात उद्रेक झाला होता, ते गाव इथून किती लांब आहे? आणि कोर्टाचा तोच निकाल पुढे म्हणतो की लोकांच्या आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं.

सेविकाताई, गोवराची लस देशाच्या कार्यक्रमात १९८५ ला आली, दुसरा डोस २०१० पासून. तुमचा जन्म १९८५ च्या आधीचा असेल तर बहुतेक लहानपणी गोवर येऊन गेला असेल आणि तो सहसा पुन्हा होत नाही. जर्मनीनं २०२० ला गोवराच्या लशीच्या सक्तीचा कायदा लागू केला, त्यातही १९७० नंतर जन्मलेल्यांनाच अट आहे. कार्ड हरवलेल्यांनी पुन्हा डोस घेतला तर अपाय नाही. फक्त गरोदर बाईला ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. तेव्हा नियम काढणाऱ्यांनी हेही ठरवावं की हे बाईला एकांतात विचारायचं, बैठकीत सगळ्यांसमोर नाही.

अंगणवाडी सेविका, शहादा तालुका
एवढं उलगडून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी कागदावर आधी हे लिहा: लस फुकट, त्या दिवसाचं मानधन कापणार नाही, आणि ताप आला तर दोन दिवस सुट्टी. त्याच्याखाली ‘सक्ती’ लिहा, पहिली सही माझी.

चोपड्याचा शेतकरी
चार दिवस आधी पसरतो, हे मला माहीत नव्हतं. तरी कुणाची भाकर जावी हे मान्य नाही. जी नको म्हणेल तिला वर्षाच्या आतल्या बाळांजवळ ठेवू नका, मोठ्या मुलांकडे द्या.

जळगावची आई
भाऊ, पाळणाघर दोन खोल्यांचं आहे. बाळं आतल्या खोलीत, मोठी बाहेर, आणि मधलं दार दिवसभर उघडं.

पण सेविकाताईंचं मला पटलं, मी फक्त पुराव्याचं बोलत होते. उद्या मालकीणबाईंना भेटते. त्या ताईंना आता लशीची गरज नाही, बाकी तिघींचा खर्च आम्ही पालक वाटून घेऊ. आणि कुणालाही कामावरून काढायचं नाही, हेही सांगेन. माझी लेक आजारी होती तेव्हा त्या ताई रोज संध्याकाळी फोन करून रडायच्या.