मदत हवी आहे: कोऱ्या पांढऱ्या लेबलची बारा इंची रॅप रेकॉर्ड ओळखायची कशी?

मंडळी, नमस्कार.

जुन्या अमेरिकन रॅपच्या बारा इंची सिंगल्सचा एक गठ्ठा हाती आलाय. बाकीच्या रेकॉर्ड लेबल वाचून ओळखता आल्या, एकीने मात्र डोक्याला भुंगा लावलाय. दोन्ही बाजूंना कोरं पांढरं लेबल. नाव नाही, कंपनी नाही, साल नाही. पाकीटही मधे गोल भोक असलेलं साधं काळं. ए बाजूच्या लेबलवर रबरी शिक्क्याने फोन नंबर उमटवलाय, पण शाई फिसकटल्यामुळे सुरुवातीचे ७१८ एवढेच आकडे वाचता येतात.

ए बाजूला रॅप आहे. बी बाजूला त्याचंच शब्दांविना संगीत, आणि त्यानंतर नुसत्या ड्रमचा एक छोटा तुकडा. ड्रम मशीनचे वाटत नाहीत, कुठल्यातरी फंक रेकॉर्डवरून उचललेले आहेत. माझ्या कानाला ते 'इम्पीच द प्रेसिडेंट'चे लागतात. वर बासची एक ओळ आणि अधूनमधून ट्रम्पेटची किंकाळी, बस्स. गाणारा पोरसवदा आहे. दम संपत आला तरी ओळ अर्धी टाकत नाही, आणि मला नेमकं तेच आवडलंय. शेवटी दोस्तांची नावं घेतो ती कळत नाहीत, पण 'जमैका' स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे हा कॅरिबियन कलाकार असेल का?

शझामने हात टेकले. धृपदाची ओळ गूगलवर टाकली तर भलतीच गाणी येतात. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर पांढऱ्या लेबलच्या इतक्या नोंदी आहेत की कुठून सुरुवात करावी कळेना. संगीत संपल्यावर लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यात हाताने 'हर्बी ज्यु.' असं कोरलंय आणि शेजारी हसरा चेहरा काढलाय. हे गायकाचं नाव समजायचं का?

रेकॉर्ड विकायची नाहीये. गाणारा कोण एवढंच हवंय, आणि हे गाणं पुन्हा कुठे प्रकाशित झालं असल्यास तेही.

खरखर:
हर्बी गायक नव्हे हो! हे हर्ब पॉवर्स ज्युनिअर, न्यूयॉर्कचे मास्टरिंग इंजिनिअर, म्हणजे तयार गाणं छपाईच्या मूळ तबकडीवर कोरणारे. ऐंशीच्या दशकात फ्रँकफर्ड-वेन स्टुडिओत बसून त्यांनी डिस्को, इलेक्ट्रो आणि रॅपच्या ढिगाने बारा इंची रेकॉर्ड कापल्या, आणि हसरा चेहरा ही त्यांची खूण. स्टर्लिंग किंवा मास्टरडिस्क असे स्टुडिओंचे शिक्के दिसतात तोही तसलाच प्रकार. लॅकर, म्हणजे ती मूळ तबकडी, कुठे कापली ते कळतं, कोणासाठी ते नाही.

तरीही एक गोष्ट हाती लागते. या पोराने, किंवा त्याच्या मागे उभ्या असलेल्या कोणीतरी, चांगल्या इंजिनिअरसाठी पैसे मोजलेत. म्हणजे ही निव्वळ घरगुती हौस नाही. त्याच पट्ट्यात एखादा आकडा किंवा अक्षरं असणारच, तो मॅट्रिक्स नंबर. खरा धागा तो आहे. बाजू ए आणि बाजू बी, दोन्हीकडचा नीट वाचून इथे टाका.

बी-बाजू:
धागाकर्ते, फोन नंबरला इतकं कमी लेखू नका. १९८४ पर्यंत न्यूयॉर्कच्या पाचही विभागांना २१२ हाच कोड होता. त्या वर्षी ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टॅटन आयलंडला ७१८ दिला. ब्राँक्स त्यात आलं ते १९९२ मध्ये. म्हणजे तुमची रेकॉर्ड १९८४ च्या आधीची नाही.

आणि जमैका हा क्वीन्समधलाच भाग आहे, रन-डीएमसी या रॅप गटाच्या हॉलिसला लागून. ७१८ शी चोख जुळतं. कॅरिबियन समुद्रात शोधायला जाऊ नका.

ड्रमबद्दल तुमचा कान बरोबर असेल तर आणखी पुढे सरकता येतं. 'इम्पीच द प्रेसिडेंट' ही हनी ड्रिपर्सची १९७३ ची रेकॉर्ड, पण निर्माता मार्ली मार्लने तिचे ठोके सुटे करून रॅपर एमसी शॅनच्या 'द ब्रिज'मध्ये वापरले ते १९८६ ला. तो शॅनही क्वीन्सचाच, क्वीन्सब्रिजचा. त्यानंतर ज्याला त्याला तेच ठोके हवे होते. १९८७ मध्ये एसपी-१२०० हे दुसऱ्या रेकॉर्डवरचे तुकडे उचलून (सॅम्पल करून) वाजवणारं यंत्र आलं. जेमतेम दहा सेकंदांचं सॅम्पलिंग होतं त्यात, पण एवढ्या कामाला ते पुरे. मी १९८६ ते १९९१ धरून चालेन. मात्र ठोके तेच आहेत म्हणून निर्माता मार्ली मार्ल, असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

धागाकर्ता:
बाप रे, तीन आकड्यांतून एवढं! मॅट्रिक्स उद्या उजेडात वाचतो. तोवर एक विचारतो. बी बाजूच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे, जोरदार खसखस आहे. नंतर आवाज स्वच्छ होतो. ए बाजूला असं काही नाही. सुई खराब आहे का?

तिरपी सुई:
सुई ठीक आहे. याला क्यू बर्न म्हणतात. डीजे पहिला ठोका पकडायला रेकॉर्ड सुईखाली मागेपुढे करतात, त्याने तेवढीच खोबणी झिजते. धुऊन जाणार नाही, उगाच घासत बसू नका.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. झीज बी बाजूला आहे, म्हणजे ही प्रत ज्याच्याकडे होती त्याला रॅपपेक्षा खालचं संगीत हवं होतं. असं संगीत रेडिओवर निवेदकाच्या बोलण्याखाली किंवा पाहुण्यांच्या फ्रीस्टाइलखाली, म्हणजे ऐनवेळच्या रॅपखाली, वाजायचं. डब्ल्यूबीएलएसवर मिस्टर मॅजिक, किस एफएमवर रेड अलर्ट, आणि १९९० ते १९९८ कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआरवर स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो. लोकांनी कॅसेटवर उतरवलेले हे कार्यक्रम आता नेटवर बरेच सापडतात, काहींना गाण्यांच्या याद्याही जोडलेल्या असतात. तेव्हा फक्त गाणं ऐकत बसू नका, बोलण्याखाली काय वाजतंय तेही ऐका. ती ट्रम्पेट लगेच पकडाल.

शझाम पडलं यात नवल नाही. त्यांच्या साठ्यात गाणंच नसेल तर ते जुळवणार कशाशी?

बी-बाजू:
पुनर्प्रकाशनाचं राहिलं. या प्रकाराला संग्राहक 'रँडम रॅप' म्हणतात: छोट्या कंपन्या, एखाद-दुसरी सिंगल, मग सगळं गायब. मिलवॉकीची डोप फोक्स आणि इंग्लंडची चॉप्ड हेरिंग या कंपन्या असली गाणी शोधून मोजक्या प्रतींत काढतात. त्यांच्या याद्या चाळा, पण फार आशा नको. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यातल्या सॅम्पलवरून ग्रँड अपराइट खटल्याचा निकाल लागला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं महागात पडू लागलं. त्याआधी बिनधास्त केलेली गाणी आता पुन्हा काढायची तर ड्रम, बास, ट्रम्पेट अशा प्रत्येक तुकड्याच्या मालकाला गाठावं लागतं. मोठी कंपनी या भानगडीत पडत नाही.

धृपदावरून नावाचा अंदाज आला तर अमेरिकन कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदीही पाहा. १९७८ पासूनच्या ऑनलाइन शोधता येतात आणि त्यात लिहिणाऱ्याचं खरं नाव बहुधा असतं. अर्थात पदरच्या पैशाने रेकॉर्ड काढणारे सगळेच तिथवर पोचले नाहीत.

खरखर:
आता कोणीतरी येऊन 'बीट बॉप'चं उदाहरण देईलच, म्हणून आधीच सांगतो. रामेलझी आणि के-रॉबची ती १९८३ ची रेकॉर्ड सोन्याच्या भावाने जाते, पण वेष्टनावर प्रसिद्ध चित्रकार बास्कियाचं चित्र आहे म्हणून. कोऱ्या पाकिटाचं तसं काही होत नाही. धागाकर्त्यांना विकायचीच नाही, ते बरं आहे.

धागाकर्ता:
मॅट्रिक्स पाहिला. बी बाजूला एकच नंबर आहे, तो नीट दिसतो. ए बाजूला मात्र दोन आहेत. पहिल्यावर आडव्या रेघा मारून तो खोडलाय आणि पुढे दुसरा कोरलाय. दुसऱ्यातलं एक अक्षर 'ई' आहे की 'एफ' ते कळत नाही. फोटोत सगळं चमकतं. यातला कोणता नंबर शोधायचा?

तिरपी सुई:
फ्लॅश बंद करा. खोलीत अंधार करून टॉर्च रेकॉर्डला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि मोबाइल सरळ वरून. कोरलेल्या रेघांत सावली पडली की 'ई'ची खालची काडी असेल तर दिसेलच.

खरखर:
दोन्ही शोधा, खोडलेला आधी. नंबर खोडलाय म्हणजे मधेच बेत बदलला असणार, कदाचित रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या नावावर निघायची होती. डिस्कॉग्सच्या प्रगत शोधात बारकोड आणि इतर ओळखचिन्हांचा रकाना आहे, त्यात टाका. 'ई' घालून एकदा आणि 'एफ' घालून एकदा. काही नाही आलं तर शेवटची दोन अक्षरं गाळून बघा, त्याच कंपनीची आधीची किंवा नंतरची रेकॉर्ड सापडेल.