पंख असले की सगळं माफ?

रात्रपाळी

‘डार्क रोमान्स बंद केलं, आता फक्त रोमँटसी. डोकं शांत झालं, निरोगी नाती वाचायला मिळतात.’ ही पोस्ट दोन दिवस सगळे डोक्यावर घेऊन नाचतायत. (नव्यांसाठी: डार्क रोमान्स म्हणजे पाठलाग, जबरदस्ती असलं सगळं असलेल्या प्रेमकथा; रोमँटसी म्हणजे रोमान्स अधिक फँटसी.) तिथे दोन ओळी लिहायला गेले, त्या इतक्या वाढल्या की वेगळा धागाच काढला. स्पॉयलर भरपूर आहेत. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

निरोगी? आपण एकच पुस्तक वाचतोय ना? मी गेल्या काही महिन्यांत ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ची आतापर्यंतची सगळी पुस्तकं, ‘फोर्थ विंग’, ‘आयर्न फ्लेम’ आणि ज्याचं नाव काढलं की चारचौघांत लोक विषय बदलतात ते ‘हॉन्टिंग अ‍ॅडलीन’ लागोपाठ वाचून काढलं. असं एका दमात वाचलं की नको ते दिसायला लागतं.

‘थॉर्न्स अँड रोझेस’च्या पहिल्या भागातली, दुष्ट अमरांथाच्या पर्वताखालच्या दरबारातली कोठडी आठवा. नायिका फेयराच्या हाताचं हाड बाहेर आलंय, ताप चढलाय, जमिनीवर पडून आहे. रीसँड, म्हणजे पुढे नायक होणारा पंखवाला, येतो आणि तिला बरं करायचा सौदा मांडतो. ती नाही म्हणते, तर तेच मोडलेलं हाड धरून पिळतो. मग घासाघीस होऊन महिन्यातला एक आठवडा त्याच्या नावे. पुढे रोज रात्री तिच्या अंगावर रंग चढवायचा, दारू पाजायची, भर दरबारात नाचवायचं. सकाळी तिला काही आठवत नाही. दुसऱ्या पुस्तकात खुलासा येतो की हे सगळं तिच्याच भल्यासाठी होतं, आणि आपण सगळ्या विरघळतो. मीही विरघळले, खोटं का बोलू? पण म्हणून त्याला निरोगी म्हणू?

‘हॉन्टिंग अ‍ॅडलीन’मधला नायक झेड बाईच्या घरात शिरतो, गुलाब ठेवून जातो, पुढे जे करतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या पुस्तकात सुरुवातीलाच आत काय काय आहे याची यादी दिलीय. झेड पाठलाग करणारा आहे हे कुणी लपवत नाही, अगदी झेडसुद्धा. डार्कवाले पाटी लावून धंदा करतात. रोमँटसीवाले तोच माल पंख चिकटवून विकतात, वर ‘आमचं सात्त्विक’ म्हणतात. माझा राग त्या सात्त्विकपणावर आहे.

आणि ते ‘मेट’ प्रकरण. नियतीनेच जोडी लावली म्हटलं की नायिकेने निवडायचा प्रश्नच मिटला. ‘फोर्थ विंग’मध्ये तर नायिका व्हायोलेट आणि नायक झेडन यांच्या ड्रॅगनांची जोडी आहे, म्हणून स्वारांनाही फार दिवस लांब राहता येत नाही. सोयीचं आहे, नाही? (झेड आणि झेडन ही नावंही सख्ख्या भावांसारखी.)

पानगळ

पुस्तक वाचलंत की आरोपपत्र लिहिलंत?

रीसँड स्वतः ४९ वर्षं अमरांथाच्या ताब्यात होता हे सोयीस्करपणे गाळलंत. त्याच्यावर काय अत्याचार झाले तेही गाळलंत. त्याने तेव्हा फेयराशी उघड चांगुलपणा दाखवला असता तर दोघं मेले असते. दारू पाजली ती रात्र तिच्या लक्षात राहू नये म्हणून.

खरा अत्याचारी पाहायचा असेल तर फेयराचा आधीचा प्रियकर टॅमलिन पाहा. ती त्याच्यासाठी पर्वताखाली मरायला आली आणि हा दगडासारखा बसून. एकदा कुठे क्षणभर एकांत मिळाला, तर तिला बाहेर काढायचं सोडून चुंबन घेत बसला. नंतर घरात कोंडून, जादूने दारंखिडक्या बंद करून निघून गेला. तुलना करताना थोडी लाज बाळगा.

वसंत_दरबार

आला, टॅमलिन आलाच. कुठलाही विषय काढा, पाचव्या मिनिटाला टॅमलिनला फासावर लटकवलंच पाहिजे.

पानगळताई, एक सांगा. टॅमलिनने तिला ‘तुझ्या सुरक्षेसाठी’ म्हणून घरात बंद केलं तर तो राक्षस. शंभर टक्के मान्य. मग याच मालिकेतल्या ‘सिल्व्हर फ्लेम्स’मध्ये काय झालं? फेयरा आता रीसँडची बायको, गरोदर आहे, पोटातल्या बाळाला पंख आहेत, तिच्या शरीराला ते बाळंतपण झेपणार नाही आणि ती मरणार हे रीसँडला माहीत आहे. वैदूला माहीत, तिच्या जवळच्या सगळ्या मंडळींना माहीत. फक्त जिचं पोट आहे तिला माहीत नाही! कारण साहेबांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलंय. शेवटी तिच्या बहिणीच्या, नेस्टाच्या तोंडून भांडणात निसटतं, तर शिक्षा कुणाला? नेस्टाला. डोंगर तुडव म्हणे.

एकाने घराला कुलूप लावलं, दुसऱ्याने माहितीला. आणि आधीच्या एका भागात लढाईनंतर मेलेल्या रीसँडला उठवायला शक्तीचा शेवटचा थेंब कुणी दिला? ‘सुखी राहा’ म्हणून कोण निघून गेलं? जाऊ दे, रीसँडच्या दरबारातल्या बायकांना टॅमलिनचं चांगलं ऐकवत नाही.

पानगळ

‘दरबारातल्या बायका’ म्हणजे काय? नीट बोला.

शेवटच्या क्षणी एक चांगलं काम केलं म्हणजे आधीचं धुऊन निघतं का? मग रीसँडचं का नाही धुऊन निघत?

वसंत_दरबार

मीही दोन वर्षं हेच विचारतोय. दोघांचं धुवा किंवा कुणाचंच धुऊ नका.

नकाशेबाज

या निमित्ताने माझंही एक रडगाणं. रोमँटसीत फँटसी कुठे असते? सुरुवातीला दोन पानांचा नकाशा असतो, त्यात पाच राज्यं, आणि पुस्तकभर माणसं दोन खोल्यांत. ‘फोर्थ विंग’मध्ये युद्धशाळा आहे, पहिल्याच दिवशी उंच कठड्यावरून चालताना मुलं खाली पडून मरतात. छान सुरुवात. मला वाटलं आता सैन्य कसं चालतं, सरहद्दीवर काय शिजतंय, इतिहास कुणी दडवला हे कळेल. पण दर चार पानांनी व्हायोलेटला झेडनचे दंड दिसतात. इतिहास दडवल्याचं रहस्य या मालिकेतलं सर्वांत चांगलं कथासूत्र आहे, आणि तेच माळ्यावर टाकलंय. जानेवारी २०२५ मध्ये मालिकेतलं तिसरं ‘ऑनिक्स स्टॉर्म’ आलं, पहिल्या आठवड्यात २७ लाखांहून जास्त प्रती खपल्या, म्हणजे माझं ऐकणार कोण. टेर्न तेवढा आवडला. त्या खडूस ड्रॅगनला त्या दोघांचा जेवढा कंटाळा येतो तेवढाच मला येतो.

रात्रपाळी

@नकाशेबाज, टेर्नबद्दल दंडवत. बाकी प्रतिसाद धाग्याशी संबंधित नाही, पण मला पटला. व्हायोलेटचा बालमित्र डेन, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही तेही बोलून टाकते. तो स्पर्श करून तिच्या आठवणी तिला न विचारता वाचतो, त्यामुळे माणसं मरतात, आणि सगळे त्याला शिव्या घालतात. बरोबरच आहे. मग झेडन तिच्यापासून अख्खं बंड आणि अख्खा शत्रू लपवतो ते ‘गूढ’ कसं? कारण डेनवर लेखिकेने पाठीचे स्नायू खर्च केले नाहीत.

काळी_शाई

विषय हसण्यावारी चाललाय, म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

माझ्यामागे एक माणूस लागला होता. नाव, गाव काही सांगणार नाही. गाडीच्या काचेवर फूल ठेवून जायचा. लोक म्हणायचे, फूलच तर आहे. फूल कोमेजलेलं असलं की मला बरं वाटायचं. ताजं असलं की त्याचा अर्थ एकच, तो आत्ता काही मिनिटांपूर्वी इथे उभा होता आणि कदाचित अजून आहे. मी किल्ली हातात धरून तिथेच थांबायचे, दार उघडायचं धैर्य व्हायचं नाही.

त्यामुळे ‘हॉन्टिंग अ‍ॅडलीन’ मी वाचलं ते दात आवळून. धागाकर्तीला वाटतं ते पुस्तक प्रामाणिक आहे. मला उलट वाटतं. झेड नुसता पाठलाग करणारा असता तर मी म्हटलं असतं, चला, लिहिलं बाईंनी धाडसाने. पण त्याला उद्योग काय दिलाय? बायका-मुलांची तस्करी करणाऱ्यांना शोधून मारण्याचा! म्हणजे इकडे घरात शिरायचं, तिकडे पुण्य कमवायचं. त्याच्याहून हजारपट नीच माणसं शेजारी उभी केली की तो आपोआप उजळ दिसतो. अमरांथा उभी करून रीसँडला उजळ केलं तीच युक्ती. पाटी लावलीय म्हणता, पण पाटीवर हे लिहिलेलं नाही.

नायिकेच्या पणजीच्या डायरीचं प्रकरण तर त्याहून वाईट. तिच्याही मागे असाच एक, आणि तीही त्याच्यात गुंतलेली. म्हणजे घराण्याची परंपराच करून टाकली.

उंबरठा

काळी_शाई, तुमच्याबाबत जे झालं ते भयंकर आहे, त्यावर मी काहीच बोलणार नाही. पण ‘जिच्यावर बेतलं तिला हे पुस्तक आवडूच शकत नाही’ असा सूर लागतोय, त्यावर बोलते. माझ्यावरही बेतलंय, घरातल्याच माणसाकडून. आणि मला डार्क रोमान्स आवडतं. ‘बरं होण्यासाठी वाचते’ असलं काही गोड कारण नाही. आवडतं म्हणून वाचते. दर वेळी कुणीतरी मला समजून घ्यायला येतं किंवा माझ्या वतीने दुखावून घेतं. दोन्ही नकोत.

काळी_शाई

मी ‘आवडूच शकत नाही’ असं कुठे लिहिलंय ते दाखवा. मी पुस्तकाबद्दल लिहिलं, तुमच्याबद्दल नाही.

उंबरठा

‘सूर’ म्हटलं. असो. झेडच्या उद्योगाबद्दल तुमचं खरं आहे, तस्करीवाली प्रकरणं मीही भराभर उलटते. त्याला चांगला ठरवायची धडपड नसती तर पुस्तक सरस झालं असतं. पण मग तुम्ही ते वाचलं असतं का?

साधा_प्रश्न

एक साधा प्रश्न. एवढा वेळ आहे तर चांगलं साहित्य का वाचत नाही? प्रेम आणि अंधार दोन्ही हवं असेल तर ‘वदरिंग हाइट्स’ आहे की. तिथे प्रेमाला उंची आहे.

रात्रपाळी

वाट पाहत होते, अजून कुणी अभिजात घेऊन कसं आलं नाही म्हणून.

उंची? इझाबेला ज्या रात्री नायक हीथक्लिफबरोबर पळून जाते, त्याच रात्री तो तिचा लहानसा कुत्रा फासावर लटकवतो. ती ते पाहते आणि तरीही जाते. नंतर तोच मोलकरीण नेलीसमोर तिची टर उडवतो की या बाईने मला कादंबरीतला नायक समजून घर सोडलं, मी काहीही केलं तरी तिचा भ्रम जात नव्हता. १८४७ सालची ही लेखिका आपल्यासारख्या वाचकांना ओळखून होती! फरक असलाच तर हा. एमिली ब्राँटी हीथक्लिफला कुठल्याही खुलाशाने धुवून काढत नाही. दुसऱ्या भागात त्याला पंख फुटत नाहीत.

आणि ‘साधा’ म्हणवून घेणाऱ्यांनी ‘वेळ आहे तर’ असं म्हणायचं सोडावं. क्रिकेटच्या धाग्यावर विचारता का हे?

साधा_प्रश्न

कुत्र्याचं लक्षात नव्हतं. शाळेत संक्षिप्त आवृत्ती वाचली होती.

वसंत_दरबार

हहपुवा. संक्षिप्त आवृत्तीवर उंची मोजली.

मागचं_पान

तुम्ही सगळ्या मोठ्या बायका-बाप्ये नायकांची लफडी सोडवत बसलात, मुख्य प्रश्न राहिला बाजूला. ही पुस्तकं कुणाच्या हातात पडतात? माझी तेरा वर्षांची भाची ‘थॉर्न्स अँड रोझेस’ घेऊन बसली होती. २०१५ मध्ये ही मालिका किशोरांसाठी म्हणूनच आली होती, प्रौढांसाठीच्या नव्या वेष्टनात ती २०२० मध्ये गेली. आतला मजकूर तोच. जुन्या प्रती अजून किशोर विभागात पडलेल्या दिसतात. डार्कवाल्या पुस्तकांना कवटी असते, काळा रंग असतो, कुणीही ओळखेल. पण हल्ली चित्रातली गोड जोडपी काढलेली मुखपृष्ठं आहेत, त्यांच्या आत काय असतं ते घरी आणल्यावरच कळतं. आत शृंगार किती तिखट आहे ते सांगणारी हिरव्या-लाल मिरच्यांची खूण असते म्हणे, ती फक्त आपल्यासारख्यांना कळते.

नकाशेबाज

मग भाचीचं काय केलंत?

मागचं_पान

काढून घेतलं. तिने दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून आणलं. आता मीच वाचतेय, निदान तिच्याशी बोलता यावं म्हणून. ती म्हणते टॅमलिन बिचारा आहे.

वसंत_दरबार

पोरगी हुशार आहे.

पानगळ

पोरगी पहिल्या भागात आहे, म्हणून. दुसरा वाचला की कळेल.

काळी_शाई

दुसरा वाचायला द्यायचाय की नाही यावरच तर बोलतायत त्या. तुम्हाला अजून मतंच गोळा करायचीयत का?

ज्यांना अंधार आणि सत्तेचा खेळ हवाय पण कुणाला धुवून काढलेलं नकोय, त्यांनी ‘द क्रूएल प्रिन्स’ घ्या. नायिका ज्यूड माणूस आहे, तिच्या आईबापांना परीलोकातला सेनापती मॅडॉक तिच्या डोळ्यांदेखत मारतो आणि मग तोच तिला परींमध्ये वाढवतो. तिचं त्याच्यावर प्रेमही आहे, आणि पुस्तक ते कुठे गोड करत नाही. परी राजपुत्र कार्डन तिला छळतो, त्याचा खुलासा येतो, पण त्यानंतरही ती त्याला एक वर्ष आणि एक दिवस आपल्या हुकुमात बांधून घेते. परींना खोटं बोलता येत नाही, तिला येतं. एवढ्या एका गोष्टीवर ती अख्खा दरबार फिरवते. भाचीलाही चालेल, ते खरोखर किशोरांसाठीच आहे.

रात्रपाळी

हे चांगलं सुचवलंत. झेडबद्दलचा तुमचा मुद्दाही बिनतोड आहे. तरी मी म्हणेन, उजळवायची धडपड दोघी लेखिकांची सारखीच, पण निदान एकीने आत शिरण्याआधी सावध तरी केलं. यापलीकडे मी झेडची वकिली करणार नाही, लोक आधीच माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

पानगळ

धागा भरकटवल्याचं खापर माझ्यावर फुटणार, म्हणून शेवटचं लिहिते. ‘सिल्व्हर फ्लेम्स’मधलं बाळंतपणाचं प्रकरण मलाही पटलं नव्हतं. लेखिकेने रीसँडचं तिथे वाटोळं केलं. ते पान मी वाचल्यावर पुस्तक मिटून आठवडाभर बाजूला ठेवलं होतं. पण ती लेखिकेची चूक, रीसँडची नाही. आणि टॅमलिन, नाही म्हणजे नाही.

वसंत_दरबार

‘मलाही पटलं नव्हतं’ एवढ्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. पुढच्या धाग्यावर भेटू.