शाळेचं ग्रंथालय तीन महिने बदलीवर सांभाळायचंय, काय काय यायला हवं?

तापीकाठची: नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल मॅडम बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात, त्यांच्या जागी मला बोलावलंय. बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालंय, पण आजवरचं काम कॉलेजातलं, सगळं संगणकावर. इथे कारभार वहीत आणि पोरं पाचवी ते दहावीची. ड्यूई, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक द्यायची पद्धत, पुन्हा घोकून जाऊ का?

जुना_ग्रंथपाल_अमळनेर: ताई, ड्यूई राहू द्या. 891.46 म्हणजे मराठी साहित्य एवढं लक्षात असलं तरी शाळेत बरंच निभतं. आधी प्रभार घ्यायला शिका. 'सर्व पुस्तके मिळाली' असं लिहिलेल्या कागदावर डोळे झाकून सही करू नका. दाखल नोंदवहीतून, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे लिहितात त्या वहीतून, मधूनमधून वीस-पंचवीस क्रमांक काढा, ती पुस्तकं कपाटात शोधा. मग उलटं करा, कपाटातलं पुस्तक उचला आणि नोंदवहीत आहे का बघा. शिक्षकांकडे बाहेर असलेल्यांची यादी वेगळी मागा. पोरं आणून देतात हो, गुरुजी लोकांचंच अवघड असतं.

शिवाय गुप्त पान, म्हणजे प्रत्येक पुस्तकात शाळेचा शिक्का मारायला ठरवलेलं आतलं पान. मुखपृष्ठ फाटलेलं पुस्तक सापडलं तर ते आपलंच आहे हे तिथल्या शिक्क्यावरून कळतं. ते पान कितवं ठरवलंय हे मॅडमना आत्ताच विचारून ठेवा, नंतर बाळंतिणीला फोन करणं बरं दिसत नाही. आणि त्यांनी कपाटं कशीही लावलेली असोत, मांडणीला हात लावू नका. त्या परत येणार आहेत.

रावेरची_केळी: सरांचं कागदी काम खरं, पण कस लागतो ऑफ तासाला. कुठलेतरी सर रजेवर, अख्खा वर्ग तुमच्याकडे. 'शांत बसा' चार मिनिटं चालतं. मोठ्याने वाचून दाखवायची सवय करा, तीही आधी घरी वाचून. आमच्याकडे बहिणाबाईंच्या ओव्या काढल्या की मागचे टारगटही बोलायला लागतात, कारण ती बोली घरातली. तुमच्याकडे कोणी "माले भूतनं पुस्तक द्या ना" म्हणालं तर आधी पुस्तक द्या, भाषा सुधारायला बसू नका. सातपुड्याच्या बाजूची पावरा आदिवासी पोरं असतील तर पुस्तकी मराठी त्यांना परकीच. चित्रं जास्त, मजकूर कमी असलेली पुस्तकं टेबलावर सगळ्यांसाठीच पसरून ठेवा. नववीच्या पोराला चारचौघांत बारक्यांचं पुस्तक हातात दिलंत तर तो पुन्हा फिरकणार नाही.

धुळेकर_७७: तीन महिन्यांत 15 ऑक्टोबर येतोय का बघा. वाचन प्रेरणा दिन. प्रदर्शन, फोटो, अहवाल, सगळं तुमच्याच गळ्यात.

तापीकाठची: येतोय की दादा! सर, पोराने पुस्तक हरवलं तर पैसे मीच घ्यायचे का?

जुना_ग्रंथपाल_अमळनेर: रोख हातात घेऊ नका. शाळेचा नियम मुख्याध्यापकांना विचारा, पैसे कार्यालयात पावतीवर भरू द्या. तेच पुस्तक आणून दिलं तर उत्तम. मात्र नोंदवहीतला जुना क्रमांक खोडायचा नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'हरवले, बदली प्रत मिळाली' लिहा आणि आलेल्या प्रतीला नवा क्रमांक द्या. शेऱ्यावर मुख्याध्यापकांची सही त्याच दिवशी घ्या.