इंजिन नुकतेच बांधले, तरी ऑइल गळते: गिअरबॉक्स लगेच उतरवावा का?

माळरान:
होटगीजवळच्या शेतावर आमची १९९८ सालची, कार्ब्युरेटरची जिप्सी आहे. गेल्या महिन्यात तिचे १.३ लिटरचे इंजिन पूर्ण बांधून घेतले. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सगळी गॅस्केट आणि क्रँकचे दोन्ही ऑइल सील नवे घातले. गाडी तीनशे किलोमीटरही चालली नाही, तोच बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी थेंब लोंबू लागला आणि आता रात्रभरात फरशीवर भाकरीएवढा डाग पडतो. मिस्त्री म्हणतात, क्रँकचा मागचा सील खराब निघाला, गिअरबॉक्स उतरवू. माझे मत असे की गळती कुठून सुरू होते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

जुना फिटर:
मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे. सील तिरका बसला असेल, किंवा जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली असेल आणि नवा सील नेमका तिच्यावरच बसला असेल, तर तो पहिल्या दिवसापासून गळतो. अशी खाच नख फिरवले की लागते, पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली यावाच लागतो. तोवर ऑइल क्लच प्लेटवर गेले, तर प्लेटचा खर्च वेगळा.

सातरस्ता:
खाचेचा मुद्दा मान्य आहे, पण घाई मान्य नाही. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) हेडच्या मागच्या टोकाला, केबिनच्या पत्र्यालगत असतो. त्याची ओ-रिंग (रबरी गोल सील) गळली की ऑइल हेडच्या पाठीवरून ओघळून बेल हाउसिंगवर येते आणि खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलसारखे दिसते. टॅपेट कव्हरचा, म्हणजे हेडवरच्या झाकणाचा, मागचा कोपराही तसाच फसवतो.

शिवाय नव्या रिंगा बसेपर्यंत थोडा जास्त गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतो. हा गॅस परत इंजिनात ओढून घेऊ देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेला असेल, तर तो दाब सगळ्यात कच्च्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो आणि मग सील कितीही वेळा बदलला तरी गळती तीच राहते. इंजिन आयडलवर ठेवून, एअर क्लीनरकडून येणारी नळी क्षणभर दाबून धरावी आणि ऑइल भरण्याच्या तोंडावर कागद ठेवावा. कागद आत ओढला गेला तर ठीक. वर उडाला तर आधी व्हॉल्व्ह पाहावा.

जुना फिटर:
कागद उडवा, हरकत नाही. परंतु मिस्त्री आज स्वतःहून, मजुरी न घेता गिअरबॉक्स उतरवायला तयार आहेत, हे आपण दोघेही विसरता आहात. महिन्याभराने तेच म्हणतील की गाडी बांधावर आपटली असेल.

माळरान:
रविवारी इंजिनची मागची बाजू रॉकेलने धुतली, कोरडी केली, टाल्कम पावडर भुरभुरवली आणि वीस मिनिटे गाडी फिरवून आरशात पाहिले. कागद आत ओढला गेला, म्हणजे दाब साचत नाही. डिस्ट्रिब्युटरखाली मात्र पावडरीत बोटभर रुंद ओली रेघ उमटली होती. ओ-रिंग बदलली. थेंब थांबला नाही. भाकरीची पुरी झाली, इतकेच.

जुना फिटर:
मग पुरीसाठी आता काय करणार?

सातरस्ता:
उरलेला थेंब बोटावर घेऊन वास घ्यावा. नव्या इंजिनातले ऑइल अजून मधासारखेच असणार, त्यामुळे रंगावरून काही कळणार नाही.

माळरान:
गंधकासारखा उग्र वास येतो आहे. हे गिअर ऑइल आहे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचा) सील गेला. त्याला इंजिन बांधताना कोणी हात लावला नव्हता.

जुना फिटर:
म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचाच आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

सातरस्ता:
सांगितले होते खरे. पण त्या दिवशी उतरवला असता, तर क्रँकचा चांगला सील काढून दुसरा ठोकला असता आणि इनपुटचा तसाच ठेवून गिअरबॉक्स पुन्हा वर चढवला असता.